महाराष्ट्रातील आयात स्पोर्ट्‌स कार

आयात स्पोर्ट्‌स कार म्हणजे परदेशात पूर्णपणे बांधून भारतात आणलेली, वेग, त्वरण व वळणावरील पकड यांना प्राधान्य देऊन रचलेली मोटारगाडी. महाराष्ट्रात अशा गाड्यांची संख्या मुंबई व पुणे या शहरांत एकवटलेली आहे. तथापि त्यांची आयात, करआकारणी, नोंदणी आणि त्यांत करावयाचे फेरबदल यांविषयीचे नियम राज्यभर सारखेच लागू होतात. एमएच-३८ या क्रमांकमालिकेच्या हिंगोली जिल्ह्यातील रहिवाशाने अशी गाडी घेतली, तर त्यालाही मुंबईतील मालकाप्रमाणेच सीमाशुल्क, राज्याचा एकरकमी कर आणि मोटार वाहन अधिनियम, १९८८ यांतून जावे लागते.

बोलीभाषेत ‘इम्पोर्टेड गाडी’ हा शब्द कोणत्याही महागड्या गाडीला लावला जातो. हा वापर काटेकोर नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील उद्योजक व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज-बेंझ गाड्यांची सामूहिक खरेदी केली. मराठवाड्यातील या घटनेची देशभर चर्चा झाली. मात्र मर्सिडीज-बेंझची बहुतेक मॉडेले पुणे जिल्ह्यातील चाकण येथे सुट्ट्या भागांपासून जोडली जातात, आणि अशा जोडणीवरील शुल्क पूर्ण बांधलेल्या गाडीच्या शुल्काहून पुष्कळ कमी असते. फेरारी, लॅम्बोर्गिनी, पोर्शे या कंपन्यांच्या स्पोर्ट्‌स कार मात्र पूर्ण बांधणीच्या अवस्थेतच येतात. प्रस्तुत लेखात ‘आयात’ हा शब्द याच अर्थाने वापरला आहे.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परदेशी वेगवान गाड्या बाळगणे ही मुख्यतः संस्थानिकांची मिरास होती. मराठी राजघराण्यांपैकी इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) (१९०८–१९६१) यांचे उदाहरण या विषयात सर्वांत बोलके आहे. त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीकडून एसजे प्रकारची केवळ चासी घेतली आणि तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून दोन आसनी उघडी बॉडी बांधवून घेतली. १९३५ च्या या गाडीला सुमारे ६.९ लिटर क्षमतेचे, सुपरचार्जर बसवलेले आठ सिलिंडरचे इंजिन होते आणि कंपनीच्या दाव्यानुसार त्याची शक्ती ३२० अश्वशक्ती होती. नारिंगी व काळा असा तिचा रंग होता आणि सुकाणू उजव्या बाजूस होते. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली. होळकरांच्या गाडीची गणना आज तिच्या सर्वोत्कृष्ट निर्मितींत होते. इंजिन व चासी एका देशातून आणि बॉडी दुसऱ्या देशातून ही त्या काळातील रूढ पद्धत होती. म्हणजे ज्याला आज ‘मॉडिफिकेशन’ म्हणतात, ते तेव्हा गाडी विकत घेण्याचाच एक भाग होते, आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नव्हती.

हिंगोलीचा परिसर त्या काळी हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे चलन व जकात व्यवस्था स्वतंत्र होती. १९४८ मधील विलीनीकरणानंतर हा भाग भारतीय संघराज्याच्या करव्यवस्थेखाली आला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे मोटारींच्या आयातीवर कडक निर्बंध आले. दूतावासांनी वापरून सोडलेल्या गाड्या राज्य व्यापार महामंडळामार्फत लिलावात विकल्या जात, आणि मुंबईतील चित्रपट कलावंत व व्यापारी यांना परदेशी गाडी मिळवण्याचा तो एक प्रमुख वैध मार्ग होता. जागतिक व्यापार संघटनेशी झालेल्या बांधिलकीनुसार १ एप्रिल २००१ पासून भारताने उरलेले संख्यात्मक आयातनिर्बंध उठवले. त्यानंतर शुल्क भरून व ठरावीक अटी पाळून नवी वा जुनी गाडी आणणे कोणाही व्यक्तीला शक्य झाले. लॅम्बोर्गिनीची भारतातील अधिकृत विक्री २००७ मध्ये, तर फेरारीची २०११ मध्ये सुरू झाली. त्यापूर्वी या कंपन्यांच्या गाड्या मालक स्वतः वा खाजगी आयातदारांमार्फत आणत असत.

तेंडुलकर यांची फेरारी

आयात शुल्काचा प्रश्न सर्वसामान्य वाचकापर्यंत पोहोचला तो सचिन तेंडुलकर यांच्या गाडीमुळे. एप्रिल २००२ मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथे तेंडुलकर यांनी आपले २९ वे कसोटी शतक झळकावून डॉन ब्रॅडमन यांच्या शतकसंख्येची बरोबरी केली. त्याप्रीत्यर्थ फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट दिली. जुलै २००२ मध्ये इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती त्यांना देण्यात आली.

गाडी भारतात आणताना तिच्यावर सुमारे १ कोटी १३ लाख रुपये सीमाशुल्क देय होते. स्पर्धेत बक्षीस म्हणून जिंकलेल्या गाडीला शुल्कमाफीची तरतूद होती, परंतु ही गाडी बक्षीस नसून भेट होती. केंद्र सरकारने २००३ मध्ये विशेष बाब म्हणून शुल्क माफ केले, तेव्हा त्यावर टीका झाली आणि दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. एका खेळाडूच्या चैनीच्या वस्तूवरील कर सार्वजनिक तिजोरीने का सोडावा, हा याचिकेमागील प्रश्न होता. अखेर हे शुल्क फियाट कंपनीनेच भरले आणि वाद मिटला. पुढे तेंडुलकर यांनी ही गाडी सुरत येथील एका व्यावसायिकाला विकली. २०१२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘फेरारी की सवारी’ या हिंदी चित्रपटाच्या कथेत तेंडुलकर यांची फेरारी हाच मध्यवर्ती धागा आहे.

आयातीच्या अटी

नव्या गाडीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या आयात धोरणातील अटी लागू होतात. गाडीचे सुकाणू उजव्या बाजूस असावे लागते, वेगमापक किलोमीटरमध्ये असावा लागतो आणि पुढील दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीस अनुकूल असावा लागतो. गाडी ज्या देशात बनली त्या देशातूनच ती आणावी लागते व ती न्हावाशेवा, मुंबई, चेन्नई, कोलकाता यांसारख्या ठरावीक सीमाशुल्क ठाण्यांतूनच उतरवता येते. येथे कायद्यात एक विसंगती दिसते. मोटार वाहन अधिनियमाचे कलम १२० इशारा देण्याचे यांत्रिक वा विद्युत साधन बसवलेले असल्यास डाव्या सुकाणूची गाडी चालवण्यास मुभा देते, परंतु आयात धोरण अशी गाडी मुळात देशात येऊच देत नाही. अमेरिकी बनावटीच्या अनेक स्पोर्ट्‌स कार केवळ डाव्या सुकाणूच्या असल्याने त्या भारतात विरळा आढळतात, त्याचे एक कारण हे आहे. याउलट ब्रिटन व जपान येथे उजव्या सुकाणूचीच पद्धत असल्याने तेथील गाड्यांना ही अडचण येत नाही.

वापरलेल्या गाडीसाठी अटी अधिक कडक आहेत. ती उत्पादनाच्या दिनांकापासून तीन वर्षांहून जुनी असता कामा नये, ती केवळ मुंबई बंदरातूनच आणता येते आणि पुढील किमान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य राहील असे प्रमाणपत्र लागते. बंदरावर आल्यानंतर तिची तपासणी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास संस्था किंवा मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र यांपैकी एका ठिकाणी करावी लागते. तीन वर्षांच्या अटीमुळे १९९० च्या दशकातील जपानी स्पोर्ट्‌स कार हौसेने आणण्याचा मार्ग भारतात बंद आहे. जगभरातील शौकिनांत या गाड्या लोकप्रिय आहेत आणि त्यांचे सुटे भागही मुबलक मिळतात, तरी भारतीय रस्त्यावर त्या क्वचितच दिसतात.

शुल्क व कर

आयात स्पोर्ट्‌स कारच्या किमतीचा मोठा भाग करांचा असतो. ४०,००० अमेरिकी डॉलरपेक्षा अधिक मूल्याच्या नव्या गाडीवर मूळ सीमाशुल्क व अधिभार मिळून ११० टक्के भार पडतो. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मूळ शुल्क १०० वरून ७० टक्के करण्यात आले, तेव्हा गाड्या स्वस्त होणार अशा बातम्या आल्या. प्रत्यक्षात त्याच वेळी ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर लावण्यात आल्याने एकूण भार होता तितकाच राहिला. वापरलेल्या गाडीवर हा एकूण भार १३७.५ टक्के आहे. शुल्क धरून येणाऱ्या रकमेवर पुन्हा वस्तू व सेवा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांसाठी त्याचा दर ४० टक्के असून पूर्वीचा भरपाई उपकर रद्द झाला आहे.

उदाहरणार्थ, वाहतूक व विमा धरून १ कोटी रुपये मूल्याची नवी गाडी बंदरावर उतरली, तर तिच्यावर १ कोटी १० लाख रुपये शुल्क लागते. या २ कोटी १० लाखांवर ४० टक्क्यांनी ८४ लाख रुपये कर होतो. विक्रेत्याचा नफा धरण्यापूर्वीच गाडी २ कोटी ९४ लाखांना पडते. भारत व ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांवरील शुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत उतरवण्याची तरतूद आहे.

यानंतर राज्याचा एकरकमी वाहन कर येतो. महाराष्ट्रात २० लाखांहून अधिक किमतीच्या पेट्रोल गाडीस हा दर १३ टक्के, तर आयात गाडीस २० टक्के आहे. २० टक्के दराने दोन-तीन कोटींच्या गाडीचा करच चाळीस-साठ लाखांवर जात असे. त्यामुळे मालक कमी कराच्या राज्यांत, विशेषतः पुदुच्चेरीत, तेथील पत्ता दाखवून गाडीची नोंदणी करत आणि ती मुंबई-पुण्यात वापरत. हा महसूल रोखण्यासाठी २०१७ मध्ये महाराष्ट्राने कराला २० लाख रुपयांची कमाल मर्यादा घातली. १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख रुपये झाली. वरील उदाहरणातील गाडीला म्हणूनच सुमारे ५९ लाखांऐवजी ३० लाख रुपये कर लागेल. श्रीमंतांच्या गाडीला सवलत कशासाठी, असा आक्षेप या मर्यादेवर घेता येतो. परंतु गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवली गेल्यास महाराष्ट्राच्या वाट्याला काहीच येत नाही, हेही तितकेच खरे. अन्य राज्यातील क्रमांकाची गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ महाराष्ट्रात ठेवल्यास अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे येथील क्रमांक घेणे बंधनकारक आहे.

शुल्क इतके जड असल्यामुळे ते चुकवण्याचे प्रयत्नही होतात. परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांना शुल्कमाफी असते. त्यांच्या नावे गाड्या आणून त्या खाजगी व्यक्तींना विकणारी टोळी महसूल गुप्तचर संचालनालयाने जुलै २०२१ मध्ये उघडकीस आणली. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये सीमाशुल्क विभागाने भूतानमार्गे आणलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम राबवली. अशी गाडी अजाणता विकत घेणाऱ्या दुसऱ्या वा तिसऱ्या मालकाचीही गाडी जप्त होऊ शकते. म्हणून जुनी आयात गाडी घेताना केवळ नोंदणी प्रमाणपत्र पाहणे पुरेसे नसते, तिच्या आयातीचे बिल ऑफ एन्ट्री पाहणे आवश्यक ठरते.

नोंदणी

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ४७ नुसार नोंदणीच्या अर्जासोबत विक्री प्रमाणपत्र, विमा, पत्त्याचा पुरावा यांखेरीज आयात गाडीसाठी सीमाशुल्क निकासीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. अर्ज मालक ज्या राज्यात राहतो वा गाडी ठेवतो, त्या राज्यातील कोणत्याही नोंदणी प्राधिकाऱ्याकडे करता येतो. हिंगोली जिल्ह्यातील पाचही तालुक्यांसाठी (हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ) हे काम हिंगोलीचे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय पाहते. लोकव्यवहारात यालाच गाडीचे ‘पासिंग’ म्हणतात.

पासिंग न झालेली गाडी रस्त्यावर आणण्याचे परिणाम १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथील अपघाताने पुढे आले. पहाटेच्या सुमारास भरधाव पोर्शे टायकन गाडीने दुचाकीस दिलेल्या धडकेत दोन तरुण संगणक अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असा पोलिसांचा आरोप आहे. ही गाडी विद्युत असल्याने तिला वाहन कर माफ होता, नोंदणीसाठी केवळ १,७५८ रुपये शुल्क भरायचे होते, आणि तेही न भरल्यामुळे तिची कायम नोंदणी मार्चपासून रखडली होती, अशी माहिती परिवहन विभागाने दिली. अधिनियमाच्या कलम १९९ अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा मालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही.

फेरबदल

स्पोर्ट्‌स कारमधील फेरबदल दोन प्रकारचे असतात. पहिल्यात इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाची आज्ञावली बदलणे, टर्बोचार्जर किंवा सायलेन्सर बदलणे, स्प्रिंग आखूड करून गाडी खाली बसवणे, ब्रेक वा चाके बदलणे अशा कामगिरीशी निगडित गोष्टी येतात. दुसऱ्यात बॉडी किट, मागचा पंख, रंग, रंगीत वेष्टन, आसने असे दर्शनी बदल येतात. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात केवळ आज्ञावली बदलून हवेचा दाब वाढवता येतो आणि शक्तीत लक्षणीय वाढ होते. याच कारणाने हा फेरबदल सर्वाधिक लोकप्रिय आहे. मात्र त्यामुळे गिअरबॉक्स व क्लच यांवरील ताण वाढतो, आणि कंपनीची हमी सामान्यतः संपुष्टात येते.

कायदेशीर बाजू अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही, असे हे कलम सांगते. केरळ उच्च न्यायालयाने याबाबत काहीशी सैल भूमिका घेतली होती. ९ जानेवारी २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा व न्या. विनीत सरन यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ती रद्द ठरवली आणि उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करण्यास मनाई असल्याचे स्पष्ट केले. या निकालानंतर सर्व फेरबदल बेकायदा झाले असा समज पसरला, पण तो पूर्णतः बरोबर नाही. कलमातील ‘फेरबदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल. शिवाय त्याच प्रकारचे नवे इंजिन बसवणे, मान्यताप्राप्त सीएनजी संच बसवणे, दिव्यांग व्यक्तीसाठी वाहन अनुकूल करून घेणे यांसारखे बदल मंजुरीने करता येतात. रंग प्रमाणपत्रात नमूद असल्याने तो बदलल्यास नोंदही बदलून घ्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार विनापरवाना फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कोट्यवधींच्या गाडीच्या मालकाला ५,००० रुपयांचा धाक वाटणे कठीण आहे. खरा फटका विम्याच्या बाजूने बसतो. न कळवलेला फेरबदल हा दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो, आणि त्या वेळी मालकास दुरुस्तीचा सर्व खर्च स्वतः सोसावा लागतो.

सायलेन्सरविषयी स्वतंत्र नियम आहेत. प्रवासी मोटारींसाठी चालत्या गाडीच्या आवाजाची उत्पादनस्तरीय मर्यादा ७४ डेसिबल आहे. ध्वनी वा वायू प्रदूषणाची मर्यादा ओलांडणाऱ्यास कलम १९०(२) नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि तीन महिने अनुज्ञप्तीबंदी अशी तरतूद आहे. जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवर रोडरोलर फिरवण्याचे कार्यक्रम महाराष्ट्र पोलीस अनेक शहरांत करतात. त्यांत बहुतेक सायलेन्सर मोटारसायकलींचे असतात. काचांवरील काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने बंदी घातली. पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे.

ज्यांना इंजिन वा रचनेत मोठे बदल करावयाचे असतात, त्यांच्यासाठी सार्वजनिक रस्त्याबाहेरील मार्ग खुला राहतो. पुणे जिल्ह्यातील अ‍ॅम्बी व्हॅली येथील धावपट्टीवर सरळ रेषेतील वेगाच्या स्पर्धा झाल्या आहेत. मुंबईत सुपर कार क्लब व पार्क्स सुपर कार शो यांनी अशा गाड्यांच्या मालकांना एकत्र आणले. महाराष्ट्रातूनच स्पोर्ट्‌स कार घडवण्याचा एक प्रयत्नही झाला. गाड्यांच्या फेरबदलासाठी प्रसिद्ध असलेल्या डीसी डिझाइन या संस्थेने २०१२ च्या ऑटो एक्स्पोत अवंती ही गाडी सादर केली. पुण्याजवळ निर्माण होणाऱ्या या गाडीत रेनो कंपनीचे दोन लिटर टर्बो इंजिन होते. तिची विक्री मर्यादितच राहिली.

वापरातील अडचणी

स्पोर्ट्‌स कारचा तळ जमिनीपासून साधारणतः ११ ते १३ सेंटिमीटर उंच असतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच व ३.७ मीटर रुंद, गोलाकार असावा. मानकाप्रमाणे बांधलेल्या गतिरोधकावरून अशी गाडी हळू नेता येते. मात्र ग्रामीण भागात लोकांनी अपघातांच्या भीतीने स्वतःच घातलेले अरुंद व उभट गतिरोधक असतात, आणि त्यांवर गाडीचा तळ घासतो. गतिरोधक काढण्याची मागणी करण्याआधी ते का घातले गेले याचा विचार करणे न्याय्य ठरेल. शाळेजवळून जाणाऱ्या सुसाट वाहनांना आवर घालण्याचा गावापाशी तोच एक उपाय असतो. तळाची अडचण टाळण्यासाठी काही गाड्यांत पुढचा भाग तात्पुरता उचलणारी यंत्रणा कंपनीकडूनच बसवून मिळते.

हिंगोलीतून अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१ जातो. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग जिल्ह्याबाहेरून, वाशीम व जालना जिल्ह्यांतून जातो. ७०१ किलोमीटरच्या या मार्गावर मोटारींसाठी ताशी १२० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा आहे. ताशी ३०० किलोमीटर वेगाची क्षमता असलेल्या गाडीलाही राज्यात याहून अधिक वेगाने कायदेशीरपणे धावता येईल असा सार्वजनिक रस्ता नाही.

इंधनाबाबत पूर्वी ९१ ऑक्टेनचे सामान्य पेट्रोल ही अडचण होती. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले, परंतु ते निवडक शहरांतच मिळते. २०२३ पासून पसरलेल्या २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९५ आहे. मात्र या मिश्रणासाठी न बनवलेल्या जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या व सील इथेनॉलने झिजू शकतात. शिवाय इथेनॉल ओलावा शोषून घेत असल्याने महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत पाणी साचण्याचा धोका असतो. हौसेच्या गाड्या बहुधा उभ्याच असतात, त्यामुळे हा धोका त्यांना विशेष जाणवतो. कंपन्यांची अधिकृत सेवाकेंद्रे महानगरांत असल्याने मराठवाड्यातून किरकोळ दुरुस्तीसाठीही गाडी सपाट ट्रकवर चढवून मुंबई किंवा हैदराबादला पाठवावी लागते.